एक्स-रेमधला मुतखडा की पोटातली गोळी?

प्रश्न: आईचं वय ६८. कंबर दुखते म्हणून मागच्या आठवड्यात पोटाचा साधा एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये 'डाव्या किडनीच्या जागी ११ मिमी आणि १० मिमीच्या दोन दाट सावल्या, मुतखड्याची शक्यता' असं लिहून आलं. दोन दिवसांनी सोनोग्राफी केली, तर दोन्ही किडन्या व्यवस्थित; सूज नाही, खडा नाही. लघवीच्या तपासणीतही काही निघालं नाही. आता एक डॉक्टर म्हणतात शॉक वेव्हने खडे फोडून घ्या, तर ओळखीतले एक जण म्हणतात खडा विरघळवायचं औषध सुरू करा. आई हाडांसाठी दिवसातून दोनदा ५०० मिग्रॅ कॅल्शियमची गोळी घेते, रक्त कमी आहे म्हणून लोहाची एक गोळी, आणि ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पँटोप्राझोल. तिला बद्धकोष्ठाचा त्रासही आहे. कॅल्शियममुळेच खडे झाले असं घरात सगळे म्हणतात. ते बंद करावं का? आणि खडा आहे की नाही हे नक्की कसं कळेल?

उत्तर: शॉक वेव्हची तारीख घेतली असेल तर आधी ती पुढे ढकला. फिल्म न बघता छातीठोक सांगता येत नाही, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून त्या दोन सावल्या किडनीतल्या खड्यांच्या नसून आतड्यातल्या गोळ्यांच्या असण्याची शक्यता बरीच वाटते. किडनीतला ११ मिमीचा खडा सोनोग्राफीत सहसा सुटत नाही. तिथे तो चकाकता ठिपका म्हणून दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. दोन खडे, दोन्ही सेंटिमीटरच्या आसपास, आणि सोनोग्राफीत एकही नाही, हे गणित जुळत नाही. त्यात दोन्ही सावल्या जवळपास एकाच मापाच्या. दिवसातून दोनदा एकच गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात एकसारख्या दोन वस्तू असणं अगदी स्वाभाविक आहे.

एक्स-रे किरण किती अडतात हे त्या वस्तूतल्या मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकावर, तिच्या घनतेवर आणि जाडीवर ठरतं. शरीराचा मऊ भाग मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. त्यांचे अणुक्रमांक १, ६, ७ आणि ८. कॅल्शियमचा २०. किरण शोषले जाण्याचं प्रमाण अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढतं, त्यामुळे कॅल्शियम असलेली छोटीशी वस्तूही पांढरी उठून दिसते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेट किंवा कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि तुमच्या आईंची गोळी बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची. दोन्हीकडे किरण अडवणारं मूलद्रव्य तेच. तेव्हा रेडिओलॉजिस्टने चूक केली असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी 'शक्यता' लिहिलं आहे, आणि फिल्मबरोबर औषधांची यादी त्यांच्यापर्यंत पोचली नसणार.

दुसरी अडचण फिल्मच्या स्वरूपातली. साध्या एक्स-रेत पोटाची पुढची आणि मागची बाजू एकाच प्रतलात येते. किडनी पाठीच्या बाजूला असते, पण डाव्या किडनीच्या समोरून जठराचा भाग, लहान आतड्याची वेटोळी आणि मोठ्या आतड्याचं डावं वळण जातं. उजव्या किडनीसमोर ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) आणि मोठ्या आतड्याचं उजवं वळण असतं. यातल्या कुठल्याही ठिकाणी अडकलेली गोळी फिल्मवर किडनीतच बसल्यासारखी दिसते. खाली ओटीपोटात असेल तर मूत्रवाहिनीतल्या खड्यासारखी.

आता औषधांकडे येऊ. '५०० मिग्रॅ कॅल्शियम' असं लेबल असलेल्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ असतं, म्हणजे गोळी चांगली मोठी आणि घट्ट दाबलेली. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. पँटोप्राझोल नेमकं ते आम्लच कमी करतं. मग गोळी जठरात पूर्ण न विरघळता पुढे सरकते आणि आतड्यात तर आम्ल नसतंच. बद्धकोष्ठ असेल तर मोठ्या आतड्यातून बाहेर पडायला तीन-चार दिवसही लागतात, आणि तेवढ्या वेळात आणखी गोळ्या मागून येत राहतात. तुमच्या आईंच्या बाबतीत हे तिन्ही एकत्र आलं आहे. अर्धवट विरघळलेली गोळी मूळच्यापेक्षा लहान आणि कडेला ओबडधोबड होते, म्हणून नुसत्या गुळगुळीतपणावरून ती ओळखायला गेलं तर फसगत होते.

लोहाचा अणुक्रमांक २६, तरीही त्या गोळीवर संशय कमी. एका गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६० ते १०० मिग्रॅ असतं, कॅल्शियमच्या मानाने बरंच थोडं. गोळी अख्खी असेपर्यंत ती दिसते, विरघळली की तिची सावली पसरून नाहीशी होते. सावकाश विरघळणारी किंवा आतड्यातच फुटणारी असेल तर मात्र ती बराच वेळ अख्खी राहू शकते. (लहान मुलाने लोहाच्या गोळ्या गिळल्या असतील तर तातडीच्या विभागात पोटाचा एक्स-रे काढतात, तो याच गुणामुळे.) पँटोप्राझोलच्या गोळीत असं दाट काही नसतं.

इतर वाचकांच्या घरात यापेक्षा वेगळी औषधं असतील, म्हणून थोडं त्याविषयी. पोटॅशियम क्लोराईडच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चांगल्या दिसतात. मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून देतात त्या पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्याही दिसू शकतात, म्हणजे खड्याचं औषधच खडा म्हणून मोजलं जायचं. डायलिसिसवरच्या रुग्णांना फॉस्फेट कमी करायला लँथॅनम कार्बोनेट देतात; अणुक्रमांक ५७, गोळी चावून खायची. तिचे तुकडे आतड्यात इतके पांढरे दिसतात की बेरियम (आतडं एक्स-रेत उठून दिसावं म्हणून पाजतात ते पांढरं द्रव्य) दिलं होतं का, असं विचारलं जातं. जठराच्या व्रणासाठीचं बिस्मथ, अणुक्रमांक ८३, मोठ्या आतड्यात विखुरलेल्या ठिपक्यांसारखं उमटतं. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेल्या अमिओडेरोनमध्ये वजनाने सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं, तेही दिसतं. थायरॉईडच्या गोळीतही आयोडीन असतं, पण मायक्रोग्रॅममध्ये; ती दिसत नाही. चघळायच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांत बरेचदा कॅल्शियम कार्बोनेटच असतं, आणि लोक त्यांना औषध समजत नाहीत म्हणून सांगायलाही विसरतात. मल्टिव्हिटॅमिनचंही तेच: कॅल्शियम, लोह, जस्त एकाच गोळीत. मागच्या काही आठवड्यांत बेरियम पिऊन तपासणी झाली असेल तर त्याचा अंश आतड्याच्या खाचांत राहून गेलेला असू शकतो.

नक्की कसं कळेल, हा तुमचा खरा प्रश्न. सुरुवात कागदावर करा. एक्स-रे ज्या दिवशी काढला तो दिवस आणि त्याच्या आधीचे तीन दिवस, एवढ्या काळात आईंनी तोंडावाटे घेतलेली प्रत्येक गोळी, पावडर, सिरप, कोणत्या वेळी, हे लिहा. गोळीचा रंग, आकार आणि मिलिमीटरमधलं माप त्यासमोर टाका. पट्टीने मोजलं तरी चालेल. फिल्मवर वस्तू प्रत्यक्षापेक्षा थोडी मोठी उमटते, त्यामुळे माप तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा नको. शक्य असेल तर एक शिल्लक गोळी सोबत न्या. काही ठिकाणी रेडिओलॉजिस्ट गोळीचाच एक्स-रे काढून बघतात. तो गोळी पाण्याच्या भांड्यात ठेवून काढायला हवा. नुसत्या टेबलावर ठेवली तर भोवती हवा असल्यामुळे कुठलीही गोळी दाट दिसते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

मग ती यादी, फिल्म आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन ज्यांनी एक्स-रे वाचला त्यांनाच भेटा. फिल्मची सीडी मागून घ्या, कागदावरची छापील प्रत पुरत नाही. पोटाचा, कंबरेचा किंवा मणक्याचा जुना एक्स-रे किंवा सीटी असेल तर तोही न्या. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तीच सावली त्याच जागी असेल तर ती गोळी नाही, हे तिथल्या तिथे ठरतं.

सीडी संगणकावर उघडून सावली मोठी करून बघितली की काही गोष्टी दिसतात. दाबून केलेल्या गोळीची कड दोन्ही बाजूंनी सममित असते: पूर्ण गोल किंवा दोन्ही टोकं सारखी गोलावलेली. आतला पांढरेपणा सगळीकडे सारखा. गोळी कडेवर उभी राहिली असेल तर ती जाडसर रेघेसारखी दिसते, आणि नशीब चांगलं असेल तर अर्धी करण्यासाठीची मधली खाचही बारीक काळ्या रेषेसारखी ओळखू येते. खडा असा घडीव नसतो. कडा वेड्यावाकड्या, आत कमीजास्त दाट, कधी किडनीच्या पोकळीचा आकार घेतलेला. सावलीभोवती आतड्यातल्या हवेचा काळा पट्टा किंवा मळाचे ठिपके असतील तर ती आतड्यात असल्याचा संशय वाढतो. हे सगळं फक्त संशय घ्यायला. यावर निदान ठरवू नका.

दुसरा, जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे तीच सावली वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या कोनातून बघणं. तीन-चार दिवसांनी पुन्हा एक फिल्म काढली आणि सावली गायब झाली किंवा वीतभर खाली सरकली, तर गोष्ट तिथेच संपते. किडनीच्या पोकळीतला खडा इतका प्रवास करत नाही. मूत्रवाहिनीत उतरलेला खडा सरकतो, पण तो मूत्रवाहिनीच्याच वाटेने, मणक्याच्या बाजूने खाली. मोठ्या आतड्याच्या कडेकडेने नव्हे. एवढे दिवस थांबायचं नसेल तर त्याच दिवशी तिरकी फिल्म काढता येते. रुग्णाला थोडं कुशीवर वळवलं की किडनीतला खडा किडनीच्या बाह्यरेषेतच राहतो, समोरच्या आतड्यातली गोळी तिच्यापासून दूर जाते. पूर्ण एका कुशीवरच्या फिल्ममध्ये किडनी मणक्याच्या मण्यांवर येते. सावली त्यांच्या बरीच पुढे, पोटाच्या बाजूला पडली तर ती किडनीत असणं अवघड. श्वास आत घेऊन आणि सोडून अशा दोन फिल्म काढण्याची जुनी पद्धतही अजून उपयोगी आहे: श्वासाबरोबर किडनी वरखाली होते आणि तिच्यातला खडा तिच्याबरोबरच, तेवढाच, हलतो.

दुसऱ्या फिल्मआधी कॅल्शियम आणि लोह तीन-चार दिवस थांबवता येईल का, हे ज्यांनी ते लिहून दिलं त्यांना विचारा. बहुतेकांच्या बाबतीत एवढ्या खंडाने काही बिघडत नाही. बद्धकोष्ठासाठीही त्यांच्याकडूनच औषध घ्या, पोट रिकामं असेल तर फिल्म कितीतरी स्पष्ट येते. पण हे इतरांनी सरसकट लागू करू नये. अमिओडेरोन, पोटॅशियम किंवा डायलिसिसची औषधं फिल्म स्वच्छ यावी म्हणून कोणीही आपल्या मनाने बंद करायची नाहीत.

एवढं करूनही शंका उरली, किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचाच असेल, तर डाय (अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) न देता केलेला सीटी स्कॅन करा. त्यात पोटाचे पातळ आडवे काप दिसतात, त्यामुळे वस्तू किडनीत आहे की आतड्याच्या पोकळीत, हा वादच उरत नाही. मुतखडा शोधण्यात त्याची अचूकता ९५ टक्क्यांच्या वर आहे. साधा एक्स-रे जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त खडे पकडतो. सांगताना 'मुतखड्यासाठी, कमी मात्रेचा' असं स्पष्ट सांगा. साध्या एक्स-रेत साधारण ०.७ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, कमी मात्रेच्या सीटीत ३ ते ४ च्या आत, नेहमीच्या मात्रेच्या सीटीत १० च्या आसपास. वजन फार जास्त असेल तर कमी मात्रेत चित्र खरखरीत येतं आणि मात्रा वाढवावी लागते. शिरेतून डाय नको, तोंडावाटे प्यायचं कॉन्ट्रास्टही नको. ते प्यायलं तर आतडंच पांढरं होईल आणि गोळी त्यात हरवेल. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हा सगळा क्रम वेगळा: तिथे आधी सोनोग्राफी.

शॉक वेव्ह पुढे ढकला असं पहिल्याच ओळीत सांगितलं, त्याचं कारण. या उपचारात एक्स-रेवर किंवा सोनोग्राफीवर खडा धरून त्याच बिंदूवर लहरी केंद्रित करतात. बिंदू आतड्यात असेल तर फुटायला खडा नाही आणि मार मात्र आतड्याला आणि किडनीला. खडा नक्की असला तरी उपचाराच्या दिवशी तो जागेवर आहे ना, हे पुन्हा बघण्याची पद्धत आहे. तेही होणार आहे का, विचारून घ्या.

विरघळवायच्या औषधाचं तर त्याहून सोपं आहे. औषधाने खात्रीने विरघळतात ते प्रामुख्याने युरिक ॲसिडचे खडे. लघवीचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवला की ते हळूहळू वितळतात. पण शुद्ध युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसतच नाही. आणि जो इतका ठळक पांढरा दिसतो तो कॅल्शियमचा, त्याला विरघळवणारं औषध अजून नाही. म्हणजे त्या सावल्या खड्यांच्या असोत की गोळ्यांच्या, सुचवलेल्या औषधाचा दोन्हीकडे उपयोग शून्य. गोळी असेल तर काही दिवसांनी ती आपोआप निघून जाईल आणि श्रेय त्या औषधाला मिळेल. 'आमचा खडा विरघळला' असं सांगणारे लोक भेटतात त्यांच्यातल्या काहींचं असंच झालेलं असू शकतं.

कॅल्शियम बंद करावं का? केवळ या एक्स-रेमुळे, नाही. आहारातलं पुरेसं कॅल्शियम उलट खड्यांपासून थोडं संरक्षण देतं, कारण ते आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेतं. गोळ्यांचं चित्र जरा निराळं आहे. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सुमारे ३६ हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४०० युनिट व्हिटॅमिन डी दिलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गटात मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. जोखीम आहे, पण लहान. हाडं ठिसूळ झालेल्या बाईचं कॅल्शियम तेवढ्यावरून तोडायचं नसतं. आईंच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. पँटोप्राझोल चालू ठेवायचंच असेल तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेट देता येईल का? त्याला विरघळायला आम्लाची गरज लागत नाही. आणि पँटोप्राझोल अजून हवंच आहे का? कार्बोनेट चालू राहिलं तर ते जेवणाबरोबर घ्यायचं, रिकाम्या पोटी नाही. लोहाची गोळी त्याच्यापासून किमान दोन तास लांब, नाहीतर कॅल्शियम लोहाचं शोषण कमी करतं. रक्त वाढत नाही याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

सगळं गोळ्यांवर ढकलूनही चालणार नाही. ओटीपोटातल्या शिरांमध्ये कॅल्शियमचे गोल मणी साठतात. त्यांचा मध्यभाग बरेचदा काळसर असतो आणि वय वाढलेल्यांत ते सर्रास दिसतात. पोटातल्या कॅल्शियम साठलेल्या लसीकाग्रंथी, बरगडीच्या कूर्चेची टोकं, पित्ताशयातले काही खडे, जुन्या इंजेक्शनमुळे ढुंगणात राहिलेल्या कडक गाठी, हेही खड्यासारखे दिसतात. काही औषधांनी तर खरेच खडे होतात: फिट्स आणि मायग्रेनसाठीचं टोपिरामेट लघवीचं रसायन बदलून कॅल्शियम फॉस्फेटचे खडे करतं, सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकचे कॅल्शियमबरोबर कण जमतात आणि औषध थांबल्यावर बहुधा विरून जातात. तुमच्या आईंच्या यादीत यातलं काही नाही.

यादरम्यान थंडी वाजून ताप आणि सोबत कुशीत दुखणं, लघवी बंद किंवा अगदी थोडी होणं, न थांबणाऱ्या उलट्या, लघवीतून रक्त, यातलं काहीही झालं तर गोळी की खडा हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खडा अडकून मागे जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांचा हिशोब असतो. कंबरदुखीचं कारणही स्वतंत्रपणे शोधायला हवं. ६८ व्या वर्षी हाडं ठिसूळ असताना मणका दबला तरी कंबर दुखते, आणि तो त्याच फिल्मवर काही अंशी दिसतो. रेडिओलॉजिस्टकडे गेल्यावर तेही विचारा.

सावल्या गोळ्यांच्याच निघाल्या तर पहिल्या रिपोर्टला पुरवणी लिहून मागा: अमुक तारखेच्या फिल्मवरच्या सावल्या पुढच्या तपासणीत दिसल्या नाहीत, मुतखडा नाही. ती पुरवणी मूळ रिपोर्टला टाचून ठेवा. तसं केलं नाही तर पुढच्या प्रत्येक केसपेपरवर 'जुना मुतखडा' उतरत राहील आणि वर्षभराने कुणीतरी त्यावरूनच कॅल्शियम बंद करेल.